समुद्राच्या बाई

शाळेत विज्ञानाच्या तासाला अन्नसाखळीचा धडा मी किती वर्षं शिकवला, याचा हिशेब आता ठेवलेला नाही. फळ्याच्या डाव्या टोकाला वनस्पती प्लवक, मग बाण, मग प्राणी प्लवक, पुन्हा बाण, लहान मासा, मोठा मासा आणि फळा संपता संपता माणूस. मुलं ते चित्र वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत जसंच्या तसं काढायची आणि गुण मिळवायची. आमची शाळा समुद्रापासून हाकेच्या अंतरावर होती. वर्गातली निम्मी मुलं कोळीवाड्यातली. एकदा त्यांच्यापैकीच एकाने विचारलं, की बाई, सगळ्यात मोठ्या माशाला कोण खातं? मी सांगितलं, कोणी नाही, साखळी तिथे संपते. तो गप्प बसला, पण शेजारच्याला हळूच म्हणाला, की मग एव्हाना समुद्र मोठ्या माशांनीच भरून जायला हवा होता. वर्ग हसला. मीही हसले. घरी जाताना मात्र हसू मावळलं. मुलाचं बरोबर होतं आणि माझा फळा चुकीचा होता.

समुद्रात कोण कोणाला खातं, यासाठी आपल्याकडे एक तयार शब्द आहे: मत्स्यन्याय. मोठ्याने लहानाला गिळायचं. आपल्या जुन्या राजनीतीच्या ग्रंथांनी हा शब्द अराजकासाठी वापरला. राजा नसेल तर माणसं माशांसारखी वागतील, असा त्याचा धाक. पिढ्यानपिढ्या आपण समुद्राकडे असंच पाहत आलो. तिथे बळी तो कान पिळी, यापलीकडे काही नाही. पाठ्यपुस्तकातले बाणही शेवटी तेच सांगतात. या समजुतीला माझ्यापुरता धक्का दिला तो एका अमेरिकन बाईंनी. त्या पेशाने शाळाशिक्षिका नव्हत्या. पण गणिताच्या बाई, भूगोलाच्या बाई म्हणतो तसं ज्यांना समुद्राच्या बाई म्हणावं, अशा त्या होत्या. त्यांचं नाव रेचल कार्सन.

कार्सनबाईंचं नाव आपल्याकडे घेतलं जातं ते 'सायलेंट स्प्रिंग'मुळे. डीडीटीविरुद्ध आवाज उठवणारी बाई एवढीच त्यांची ओळख मलाही होती. त्यांची समुद्रावरची पुस्तकं हाती आली ती पुष्कळ उशिरा. ती वाचल्यावर उमगलं, की डीडीटीचं प्रकरण हा त्यांच्या आयुष्याचा शेवटचा अध्याय. त्याआधीची सगळी वर्षं या बाई एकच गोष्ट सांगत होत्या, आणि ती माझ्या फळ्यावर नीट न उतरलेली गोष्ट होती.

गंमत म्हणजे समुद्राच्या या बाईंचं बालपण समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत गेलं. २७ मे १९०७ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यात, अ‍ॅलेगेनी नदीकाठच्या स्प्रिंगडेल नावाच्या लहान गावी त्यांचा जन्म झाला. तीन भावंडांत त्या धाकट्या. घरची ६५ एकर जमीन होती, पण पैसा बेताचाच. आई मारिया निसर्गवेडी. लेकीला घेऊन ती रानात, ओढ्याकाठी भटकायची, पक्षी दाखवायची, किडे पाहून झाले की जिथले तिथे सोडून द्यायला लावायची. ११ वर्षांच्या रेचलची पहिली गोष्ट १९१८ साली 'सेंट निकोलस' या मुलांच्या मासिकात छापून आली. आपण लेखिका होणार हे तिने तेव्हाच ठरवून टाकलं.

कॉलेजात त्या इंग्रजी शिकायला गेल्या. फी भरताना घराची ओढाताण व्हायची, आई पियानोच्या शिकवण्या घ्यायची. तिथे मेरी स्किंकर या प्राध्यापिकेचा जीवशास्त्राचा तास त्यांना मिळाला आणि त्यांनी वाट बदलली. विज्ञान घेतलं म्हणजे लेखन सुटलं, असं त्यांना वाटलं असावं. पुढे उलटंच झालं, लिहायला विषय मिळाला. १९२९ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत त्या दाखल झाल्या, आणि वयाच्या बाविसाव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा समुद्र पाहिला. ज्या मुलांच्या अंगणात समुद्र आहे त्यांना मी तो फळ्यावर शिकवत होते, आणि जिला तो बाविसाव्या वर्षी दिसला तिने साऱ्या जगाला तो दाखवला!

१९३२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून त्यांनी प्राणिशास्त्रात एम.ए. केलं. ते मंदीचे दिवस होते. १९३५ मध्ये वडील वारले आणि डॉक्टरेटचा विचार मागे पडला. नोकरी हवी होती. सरकारच्या मत्स्य खात्याला तेव्हा रेडिओसाठी समुद्रजीवनावर सात-सात मिनिटांचे ५२ कार्यक्रम हवे होते. खात्यातल्या शास्त्रज्ञांना रंजक लिहिता येईना आणि बाहेरच्या लेखकांना समुद्र कळेना. कार्सनबाईंनी ते काम निभावलं. १९३६ मध्ये त्याच खात्यात त्यांना कायमची जागा मिळाली. पुढच्याच वर्षी थोरली बहीण दोन मुली मागे ठेवून गेली. तेव्हापासून आई आणि दोन भाच्या असा संसार या अविवाहित बाईंच्या पगारावर चालला. दिवसा कचेरी आणि रात्री लेखन, असा तो काळ होता.

खात्याच्या एका पुस्तिकेसाठी त्यांनी प्रस्तावना लिहिली. साहेबांनी वाचली आणि सरकारी पुस्तिकेसाठी ही फार चांगली आहे, मोठ्या मासिकाकडे पाठवा, असा सल्ला दिला. १९३७ च्या सप्टेंबरात ती 'अटलांटिक मंथली'त लेख म्हणून आली. त्यातून १९४१ साली पहिलं पुस्तक उभं राहिलं, 'अंडर द सी-विंड'.

माझ्या मते शिक्षकाने वाचावं असं हे पुस्तक आहे. त्यात तीन नायक आहेत: वाळूवर लाटेच्या कडेने तुरुतुरु पळणारे किनाऱ्याचे पक्षी, स्कॉम्बर नावाचा बांगड्याच्या कुळातला मासा आणि अँग्विला नावाची वाम. आपल्या बांगड्याचा हा स्कॉम्बर अटलांटिकमधला चुलतभाऊ. तो अंड्यातून बाहेर पडतो तेव्हा पाण्याच्या एका थेंबाला पुरून उरेल एवढाही नसतो. त्याच्याबरोबर जन्मलेले हजारो जण पहिल्या काही दिवसांतच कोणाच्या ना कोणाच्या पोटात जातात. तोही खातो. कण्यांएवढे कवचधारी प्राणी प्लवक टिपतो, त्यांच्यावर वाढतो. पारदर्शक जेलीसारखे जीव, लहान मासे, माकूल, मोठे मासे, कुरव पक्षी, प्रत्येक जण त्याच्या वाटेवर तोंड उघडून उभा आहे. मच्छीमारांची जाळीही आहेत. पण या गोष्टीत खलनायक कोणीच नाही. आज जो खातो आहे तोच उद्या कोणाचा तरी घास आहे, आणि एकाच्या मरणावर दुसऱ्याचं पिल्लू जगतं आहे. वाचणाऱ्याला बाण दिसत नाहीत. आपण स्वतःच त्या पाण्यात पोहतो आहोत असं वाटत राहतं. मुलाला अन्नसाखळी समजावी असं वाटत असेल तर त्याला एखाद्या माशाच्या डोळ्यांनी पाहायला लावा, हे त्या एका पुस्तकातून मी शिकले.

पुस्तक १ नोव्हेंबर १९४१ ला बाजारात आलं आणि महिनाभरात पर्ल हार्बरवर बाँब पडले. युद्धाच्या धामधुमीत माशांची गोष्ट कोण वाचणार! दोन हजार प्रतीही खपल्या नाहीत. कार्सनबाई पुन्हा कचेरीत. युद्धकाळात लोकांनी नेहमीच्या चार माशांखेरीज दुसरेही मासे खावेत म्हणून सरकारने पत्रकं काढली, तीही त्यांनीच लिहिली. एकाच जातीवर तुटून पडलं की समुद्राचा तोल जातो, हे तेव्हाच त्यांच्या हिशेबात होतं. १९४९ मध्ये त्या खात्याच्या प्रकाशनांच्या मुख्य संपादक झाल्या. त्याच वर्षी संशोधनाच्या बोटीवरून त्या खोल समुद्रात गेल्या. पुरुषांनी भरलेल्या बोटीवर एकटी बाई नको, म्हणून आपल्या प्रकाशन-मध्यस्थ बाईंना त्यांना सोबतीला न्यावं लागलं.

१९५१ साली 'द सी अराउंड अस' आलं आणि सगळं पालटलं. ८६ आठवडे ते 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या यादीत होतं. १९५२ चा नॅशनल बुक अ‍ॅवॉर्ड त्याला मिळाला, आणि दहा वर्षांपूर्वीचं पडलेलं पहिलं पुस्तकही लोकांनी नव्याने उचललं. त्यांनी नोकरी सोडली आणि मेन राज्यातल्या साउथपोर्ट बेटावर समुद्राकाठी लहानसं घर बांधलं. तिथे ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांपाशी त्या तासन्‌तास बसत. एखादा जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला घरी आणला, तर काम झाल्यावर त्याला परत नेऊन सोडत. अंधार पडला असला तरी बॅटरी घेऊन खडक उतरत आणि जिथून उचलला तिथेच ठेवत. आईची शिकवण! या निरीक्षणांतून १९५५ मध्ये 'द एज ऑफ द सी' झालं.

याच घरी त्यांना एक विद्यार्थी मिळाला. भाचीचा मुलगा, रॉजर. तो दीड-पावणेदोन वर्षांचा असताना एका वादळी पावसाळी रात्री कार्सनबाईंनी त्याला पांघरुणात गुंडाळलं आणि अंधारात किनाऱ्यावर नेलं, लाटा पाहायला. लेकराला सर्दी होईल, म्हणून आपण ओरडलो असतो. ती दोघं मात्र लाटांचा गडगडाट ऐकून आनंदाने हसत होती. पुढे बॅटरीच्या उजेडात वाळूतले खेकडे शोधणं, पावसात रानात फिरणं, शंख-शिंपले गोळा करणं हा दोघांचा नेम झाला. त्याला काही शिकवायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं. पण बोबडं बोलणारं ते पोर शिंपल्यांची नावं घेऊ लागलं. हा अनुभव त्यांनी १९५६ साली एका स्त्रियांच्या मासिकात लेखरूपाने मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की मुलाला माहिती देण्याची घाई करू नका. आधी त्याला नवल वाटू द्या, भीती, आनंद, कुतूहल वाटू द्या. ती जमीन तयार झाली की माहितीचं बी आपोआप रुजतं. आणि त्या मुलाजवळ निदान एक मोठं माणूस हवं, जे त्याच्याबरोबर स्वतःही नवल करील. नावं त्या माणसाला येत नसली तरी चालेल.

या लेखाचं मोठं पुस्तक करायचं त्यांच्या मनात होतं. ते राहून गेलं, आणि का राहिलं हेच मला या आयुष्यातलं सर्वांत महत्त्वाचं प्रकरण वाटतं.

१९५७ च्या जानेवारीत रॉजरची आई वारली. पाच वर्षांच्या रॉजरला कार्सनबाईंनी दत्तक घेतलं. त्या तेव्हा पन्नाशीला टेकल्या होत्या, आई नव्वदीकडे झुकलेली. पुढच्याच वर्षी आईही गेली. त्याच सुमाराला विमानांतून होणाऱ्या डीडीटीच्या फवारणीने पक्षी मरत असल्याच्या तक्रारी त्यांच्याकडे येऊ लागल्या. दुसऱ्या कोणी तरी लिहावं, अशी त्यांची इच्छा होती. पण कागदपत्रं वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं, की आपण वीस वर्षं जी साखळी आनंदाने सांगत आलो, त्याच साखळीवरून आता विष चढतं आहे.

इथे एक हिशेब समजून घेण्यासारखा आहे. अन्नसाखळीत एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर साधारण दहावा हिस्साच पोचतो, असा ढोबळ नियम सांगतात. म्हणजे हजार किलो वनस्पती प्लवकांवर शंभर किलो प्राणी प्लवक, त्यांवर दहा किलो लहान मासे आणि त्यांवर एक किलो मोठा मासा. बाकीचं जगण्याच्या धावपळीत जळून जातं. पण डीडीटीसारखं रसायन जळत नाही, लघवीवाटे फारसं बाहेरही पडत नाही. ते चरबीत साठून राहतं. अन्न वर जाताना आटतं, विष वर जाताना दाटतं.

कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेक या तळ्याचं उदाहरण कार्सनबाईंनी दिलं. तिथे चिलटांच्या बंदोबस्तासाठी डीडीटीचं भावंड असलेलं डीडीडी हे रसायन १९४९, १९५४ आणि १९५७ मध्ये पाण्यात मिसळलं. प्रमाण किती? दुसऱ्या खेपेला पाच कोटी भाग पाण्यात एक भाग. कोणाला त्रास होणार एवढ्याने? पण पाणडुबीच्या जातीचे ग्रीब पक्षी मरू लागले. तपासलं तर प्लवकांत दहा लाख भागांत ५ भाग, प्लवक खाणाऱ्या माशांत ४० ते ३०० आणि ग्रीबच्या चरबीत १६०० भाग विष होतं. काही काळाने तळ्याचं पाणी तपासलं तेव्हा त्यात विषाचा मागमूस नव्हता. ते नाहीसं झालं नव्हतं, पाण्यातून जिवांत गेलं होतं. कॅनडातल्या मिरामिची नदीची हकीकत उलट टोकाची. १९५४ मध्ये तिच्या काठच्या जंगलावर डीडीटी फवारलं. नदीतले किडे मेले आणि त्यांच्यावर जगणारी सॅमन माशांची त्या वर्षीची पिल्लं जवळजवळ सगळी गेली. समुद्रात जाणारा मासा नदीतल्या किड्याला बांधलेला होता, आणि किडा झाडाला.

मत्स्यन्यायाची दुसरी बाजू ती हीच. मोठा लहानाला खातो हे खरं, पण मोठा जगतो तो लहानाच्या जिवावर. प्लवकाला जे झालं ते शेवटी मोठ्या माशाला चुकत नाही. आणि आपण स्वतःला साखळीच्या टोकाला राजासारखं बसवलं असलं, तरी विष सर्वांत जास्त दाटतं ते टोकालाच.

हे पुस्तक लिहिताना त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. १९६० मध्ये शस्त्रक्रिया झाली, पुढे किरणोपचार. मुलांच्या नवलाचं पुस्तक बाजूला पडलं आणि 'सायलेंट स्प्रिंग' १९६२ च्या सप्टेंबरात बाहेर आलं. रसायन कंपन्या तुटून पडल्या. भावनाविवश, अशास्त्रीय असे शेरे मारले गेले. खरं तर त्यांनी कीटकनाशकं सरसकट बंद करा असं म्हटलंच नव्हतं. विचार न करता, परिणाम न तपासता आकाशातून ओतू नका, एवढंच मागणं होतं. आमच्या लहानपणी हिवतापाच्या फवारणीची माणसं गावात येत आणि भिंतीवर तारीख लिहून जात. तापाने फणफणलेल्या घरात ती देवदूतच वाटत. डासांशी झगडायला नको असं कार्सनबाई म्हणत नाहीत. बेसुमार फवारलं तर डासच औषधाला निर्ढावतात, असं त्या सांगतात, आणि पुढे तसं झालंही. १९६३ च्या मे महिन्यात अध्यक्ष केनेडींच्या सल्लागार समितीने त्यांचं म्हणणं मुळात उचलून धरलं. जूनमध्ये त्या सिनेटच्या समितीपुढे साक्षीला बसल्या तेव्हा डोक्यावर टोप होता आणि दुखणं हाडांपर्यंत गेलं होतं. पण आजाराचा गवगवा त्यांनी होऊ दिला नाही. विरोधकांनी त्यावर बोट ठेवून पुस्तक बाजूला सारू नये म्हणून.

१४ एप्रिल १९६४ रोजी, ५६ व्या वर्षी त्या गेल्या. रॉजर बारा वर्षांचा होता. त्यांचे संपादक पॉल ब्रूक्स आणि त्यांच्या पत्नीने त्याला वाढवलं. नवलाचा तो लेख १९६५ मध्ये 'द सेन्स ऑफ वंडर' या नावाने पुस्तकरूपात आला, होता तेवढाच. अमेरिकेत डीडीटीवर १९७२ मध्ये बंदी आली. अंड्यांची कवचं पातळ झाल्यामुळे नामशेष होऊ घातलेला तिथला मासेखाऊ गरुड सावरला आणि २००७ मध्ये धोक्यातल्या जातींच्या यादीतून बाहेर पडला.

मला राहून राहून वाटतं, की न झालेलं ते मुलांचं पुस्तक आणि झालेलं ते विषाचं पुस्तक ही दोन वेगळी कामं नव्हती. पोराला डबक्यापाशी नेऊन नवल करायला शिकवायचं, तर डबकं जिवंत राहायला हवं. घरात वाढणारं पोर आणि हाताशी उरलेले थोडे दिवस, या दोहोंचा हिशेब करून त्या बाईंनी डबकं वाचवायचं ठरवलं.

त्यांची पुस्तकं वाचल्यानंतरच्या वर्षी मी धडा फळ्यावरून सुरू केला नाही. मुलांना घरून मासे आणायला सांगितले. कोळीवाड्यातल्या एका मुलीने वर्गातच बोंबील चिरला. पोटातून निघाला जवळा, मूठभर. तिला त्याचं काहीच वाटलं नाही, तिची आई रोज पाहते. बाकीची मुलं मात्र ओणवी झाली. पुस्तकातला लहान मासा आणि मोठा मासा यांना अचानक नावं मिळाली. मग ओहोटीला खडकांवर गेलो. एकच नियम घातला: उलटलेला दगड होता तसाच ठेवायचा, धरलेला जीव तिथेच सोडायचा.

आणि फळ्यावर एक बाण वाढवला, मोठ्या माशापासून मागे, थेट पहिल्या टोकाला. सर्वांत मोठा मासाही मरतो. खेकडे, किडे त्याला खातात, डोळ्यांना न दिसणारे जिवाणू उरलेलं कुजवतात. त्याचे क्षार पाण्यात मिसळतात आणि तळाशी साठतात. पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळ खालचं पाणी वर येऊ लागतं, तेव्हा त्याच क्षारांवर प्लवकांचं नवं पीक तरारतं. म्हणजे सर्वांत मोठ्या माशाला सरतेशेवटी खातं ते सर्वांत लहान. त्या मुलाच्या प्रश्नाचं हे उत्तर द्यायला मला वर्ष लागलं. तोवर तो वरच्या वर्गात गेला होता. मधल्या सुट्टीत गाठून मी त्याला ते सांगितलं. हे तर मला ठाऊकच होतं, अशा चेहऱ्याने त्याने ऐकून घेतलं.

कार्सनबाईंच्या रक्षेचा काही भाग आईच्या थडग्याजवळ पुरला गेला. उरलेला साउथपोर्टच्या किनाऱ्यावर समुद्रात सोडला. तिथल्या पाण्यात आजही बांगड्याच्या कुळातले ते मासे येतात.